दोन आठवड्यांचा मुलगा

एखाद्या मुलीनं मुलाचा वेष घ्यावा, मुलांच्या वसतिगृहात घुसावं आणि मग गोंधळात गोंधळ व्हावा, असे अमेरिकन चित्रपट मी आवडीनं पाहतो. हे ऐकलं की मित्रमंडळींच्या भुवया वर जातात. चित्रपट पोरकट असतात, यात वाद नाहीच. केसांचा टोप घातला, आवाज घोगरा काढला की सगळी शाळा फसते, यावर कोण शहाणा विश्वास ठेवील? पण विश्वास न ठेवताही माणसं शेवटपर्यंत बसून राहतात, ती का?

२००६ सालचा 'शीज द मॅन' घ्या. व्हायोला (अमांडा बाइन्स) ही फुटबॉलवेडी मुलगी. पुरेशा मुली नाहीत म्हणून शाळेतला मुलींचा संघच बंद होतो. मुलांच्या संघात घ्या म्हटलं, तर प्रशिक्षक हसण्यावारी नेतात आणि तिचा गोलरक्षक मित्रही त्यांचीच री ओढतो. इकडे आईला लेक झगा घालून समारंभात मिरवायला हवी आहे. तेवढ्यात जुळा भाऊ सेबॅस्टियन गाण्याच्या नादात दोन आठवडे गुपचूप लंडनला सटकतो, आणि त्याच्या नव्या निवासी शाळेत व्हायोलाच दाखल होते.

हे कथानक शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट'चं. नावंसुद्धा तीच ठेवली आहेत. फक्त नाटकातल्या गर्विष्ठ कारभाऱ्याचं, माल्वोलिओचं नाव इथं एका पाळलेल्या केसाळ कोळ्याला दिलं आहे! शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या. म्हणजे एक मुलगा व्हायोला व्हायचा आणि ती व्हायोला पुन्हा मुलगा व्हायची. ज्यांच्या घरात बालगंधर्वांचे फोटो होते त्यांना यात नवल ते काय?

आपल्याकडच्या वेषांतराची तऱ्हा मात्र वेगळी. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) भाड्याच्या जागेसाठी पुरुष बायका होतात. हसू येतं ते पदर सावरण्याचं, लाजण्याचं. मुलगी मुलगा होते तेव्हा हसण्याची दिशाच बदलते. व्हायोला रस्त्यानं जाणाऱ्या पुरुषांच्या मागे मागे जाऊन त्यांची चाल शिकते, आणि ते छाती काढून चालणं, ते पचकन थुंकणं आपल्याला एकाएकी हास्यास्पद वाटायला लागतं. पुरुषीपणा हाही एक वेषच, आणि तोही पाठ करावा लागतो, हे कळायला मुलगी लागते. कोळी सुटतो तेव्हा पलंगावर उडी मारून किंचाळणाऱ्या दोघांत व्हायोलाबरोबर तिच्या खोलीतला तो दांडगा ड्यूकही असतो.

या ड्यूकचं ऑलिव्हियावर मन बसलेलं, पण तिच्यासमोर तोंडातून शब्द फुटत नाही. मग 'सेबॅस्टियन' मुलीचा आवाज काढून त्याच्याकडून गप्पांचा सराव करून घेतो. मुलगी मुलगा झालेली, ती आता मुलगी झाल्याचं नाटक करते आहे! माझी नववीतली भाची याच प्रसंगाला सर्वांत जास्त हसते. तिच्या वर्गात मुलगा-मुलगी दोन मिनिटं बोलली की चिडवाचिडवी ठरलेली. इथं वेषामुळे का होईना, दोघं निर्धास्त बोलतात. या वयाच्या मुलांना त्या फुटबॉलपेक्षा याचाच हेवा वाटत असावा.

मला मात्र तो फुटबॉल टोचतो. व्हायोलाला राज्य नको, सूड नको. मैदानावर जागा हवी. 'जस्ट वन ऑफ द गाइज'मधल्या (१९८५) टेरीला आपला लेख गंभीरपणे वाचला जायला हवा होता, 'दिल बोले हडिप्पा'तल्या (२००९) वीराला क्रिकेटची बॅट. एवढ्याशा गोष्टीसाठी दाढी लावावी लागते, आणि आपण हसतो! शाळेत मुलींना डावलू नये, असा कायदा अमेरिकेत १९७२ सालीच झाला होता. चित्रपटात मात्र प्रशिक्षकाला भर सामन्यात नियमपुस्तिका फाडावी लागते, तेव्हा कुठं व्हायोला आपल्या खऱ्या नावानं खेळते आणि गोल मारते.

एक गोष्ट मला उशिरा कळली. बाइन्स तेव्हा जेमतेम वीस वर्षांची. २०१८ साली एका मुलाखतीत तिनं सांगितलं, की पडद्यावर आपलं मुलाचं रूप पाहून ती चार ते सहा महिने खोल नैराश्यात होती. ते रूप तिला स्वतःला मुळीच आवडलं नव्हतं. तो टोप आणि ते चिकटवलेले कल्ले पाहून त्या वेळी जगभरची चित्रपटगृहं हसत होती.