सायकलीची फेरी आणि नदीची सफाई

सायकल चालविल्यानें नदींतील प्लास्टिक कसें निघतें, असा प्रश्न आमच्या वरठीच्या एका मुलानें मला विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आज देण्याचें योजिलें आहे.

धर्मादाय फेरीची रीत अशी. स्वार लांबचा पल्ला जाहीर करतो आणि स्नेही-परिचित किलोमीटरमागें कांहीं रक्कम कबूल करतात. ५०० किलोमीटरांसाठीं ५० जणांनीं किलोमीटरमागें १ रुपया कबूल केला, तर २५,००० रुपये जमतात. स्वाराचे श्रम म्हणजे देणाऱ्याच्या विश्वासास तारणच.

अशा श्रमांचें सामर्थ्य महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १९८५ च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींची 'भारत जोडो' यात्रा काढली. सत्तरी उलटलेले बाबा पाठीच्या विकारामुळें वाहनांत पडून असत. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. यात्रेचा हेतु राष्ट्रीय ऐक्य हा होता, निधि नव्हे. परंतु घाम गाळणाऱ्याचें म्हणणें लोक थांबून ऐकतात, हें तिनें दाखविलें.

आतां खर्चाचा विचार करूं. प्लास्टिक कुजत नाहीं. उन्हानें ठिसूळ होऊन त्याचे बारीक कण होतात, आणि ते पाण्यांतून वेंचणें जवळजवळ अशक्य असतें. नागपूरचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेंत, तेथून वैनगंगेंत व गोसीखुर्दच्या जलाशयांत येतें. त्यासवें कचराही वाहत येतो. जलाशयांत उतरून पिशव्या शोधण्यापेक्षां त्या नाल्याच्या तोंडाशीं जाळीनें अडविणें, आणि त्याहूनही घरींच वेगळ्या काढणें, सोपें व स्वस्त. राज्यांत २३ जून २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवरील बंदी अमलांत आली, तरी नाले अद्याप भरतातच. म्हणून फेरीचा पैसा जाळ्या, हातमोजे आणि कचरा वेंचणाऱ्यांची मजुरी यांवर खर्चावा.

मीं स्वतः एका फेरीस १०० रुपये दिले होते. पुढें कळलें कीं, बराच पैसा छापील सदरे व फलक यांतच संपला. रुपयांपेक्षां, भर उन्हांत पाय झिजविणाऱ्या त्या पोरांचे श्रम वायां गेले, याचें मला अधिक दुःख झालें.

तरी देणाऱ्यानें आधीं तीन गोष्टी विचाराव्या: कोणता नाला साफ होणार, तें काम कोण करणार, आणि हिशेब चारचौघांत कधीं वाचणार? त्या मुलास मीं इतकेंच सांगितलें, "बाळ, सायकल लोकांस नाल्याच्या कांठापर्यंत आणून सोडते, पुढें वांकावें आपणांसच लागतें."