हप्ता तिचा, विमा कुणाचा?

घर बांधायचं ठरलं की हल्ली गवंड्याच्याही आधी दारात येतो तो कर्ज करून देणारा माणूस. बँकेच्या भाषेत ‘डीएसए’, आपल्या भाषेत लोनवाला भाऊ. बँकेच्या चकरा वाचवतो, झेरॉक्स स्वतःच काढून आणतो, रविवारी बोलावलं तरी येतो. त्याचे पैसे बँक देते, त्यामुळे आपल्याला वाटतं काम फुकटात झालं! मग सह्यांचा गठ्ठा निघतो आणि त्यात कुठेतरी मध्येच विम्याचा एक फॉर्म असतो. “वहिनी, इथं एक सही. हे कंपलसरीच हाय.”

मैत्रिणींनो, आज बोलायचंय ते या एका सहीबद्दल.

आमच्या सेवाग्रामच्या बचत गटात एक वहिनी आहेत. पेशाने नर्स. यजमानांचं वर्ध्यात गाड्या दुरुस्तीचं दुकान. प्लॉट आधीच घेऊन ठेवलेला, त्यावर घरासाठी २० लाखांचं कर्ज काढलं. कर्ज दोघांच्या नावावर, पण हप्ता जातो तो वहिनींच्या पगारातून, कारण दुकानाची कमाई आज आहे तर उद्या नाही. सगळं पार पडलं आणि एक दिवस त्या कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. बँकेच्या खात्यावर कर्ज २० लाख ६० हजार दिसत होतं. हे वरचे ६० हजार कसले?

आम्ही दोघी ओसरीवर कागद पसरून बसलो. ते ६० हजार म्हणजे विम्याचा एकरकमी हप्ता. तो कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्याच्यावरही व्याज! नऊ टक्के दराने २० वर्षं धरली तर महिन्याला साधारण ५४० रुपये, आणि शेवटी ६० हजारांचे होतात जवळजवळ १ लाख ३० हजार.

पण खरी गंमत पुढेच होती. कर्ज २० वर्षांचं, विमा १० वर्षांचा. विमा काढलाय एकट्या यजमानांचा. ज्या बाईच्या पगारावर घर उभं राहतंय, तिचं नावच त्या कागदावर नाही. आणि आरोग्याच्या प्रश्नांपुढे सरसकट ‘नाही’ वर टिक. वहिनी ते वाचून थबकल्याच. म्हणाल्या, “मी त रोज सकाळी त्यायले बीपीची गोळी देतो ताई. अन् इथं बीपी नाही म्हनून लिवलं!” फॉर्म लोनवाल्या भाऊने भरला होता. सही मात्र यजमानांची.

ही टिक साधी नाही बरं का. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार पहिल्या तीन वर्षांत कंपनी खोटी किंवा लपवलेली माहिती दाखवून दावा नाकारू शकते. तीन वर्षं झाली की पॉलिसीवर प्रश्न उभा करता येत नाही. म्हणजे नवीन घर, डोक्यावर सगळं कर्ज, मुलं लहान, अशा ऐन वेळीच तो कागद कुचकामी ठरायचा. गोळी चालू असेल तर गोळी चालू आहे असं लिहायचं. फार तर हप्ता वाढेल, तपासणी करायला सांगतील. सांगू देत.

आता ‘कंपलसरी’ या शब्दाचं पाहू. गृहकर्जासाठी जीवनविमा घ्यायलाच हवा असा कुठलाही कायदा नाही. घराच्या इमारतीचा आगीपासून, भूकंपापासून विमा काढा असं बँक म्हणू शकते, आणि ते रास्तही आहे. घर गहाण आहे त्यांच्याकडे. पण जीवनविमा आणि तोही त्यांच्याच ओळखीच्या कंपनीचा, अशी सक्ती करता येत नाही. तुमची आधीची टर्म पॉलिसी असेल तर तीच कर्जापुरती बँकेच्या नावे असाइन करून देता येते. “मला लेखी द्या की हे सक्तीचं आहे,” एवढंच म्हणून बघा. लेखी कोणी देत नाही!

अजून एक मेख आहे. कर्जासोबत येणाऱ्या काही पॉलिस्या तर जीवनविम्याच्या नसतातच. अपघाती मृत्यू आणि ठराविक मोठे आजार एवढंच त्यांत असतं, मुदतही तीन-पाच वर्षांची. घरातला माणूस साध्या तापाने गेला तर हाती शून्य. पहिल्या पानावर ‘सुरक्षा’ असा गोड शब्द असतो आणि आपण समजतो की विमा झाला.

विमा वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्या भागातल्या बायकांना विमा समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. कस्तुरबा रुग्णालयाची ज्वारीची योजना इथं ८०च्या दशकातच सुरू झाली. सुगीला ज्वारी निघाली की घरटी काही पायली दवाखान्यासाठी द्यायची आणि वर्षभर आजारपणात सवलतीने उपचार घ्यायचे. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं, ज्याच्यावर वेळ येईल त्याला उपयोगी पडायचं. विमा म्हणजे दुसरं काय?

आणि सेवाग्रामात राहून बापूंची गोष्ट न सांगता कसं चालेल? गांधीजींनीही विमा काढला होता. १९०२ च्या सुमारास मुंबईत वकिली करताना एक गोडबोल्या अमेरिकन एजंट आला आणि दहा हजार रुपयांची पॉलिसी गळ्यात मारून गेला. बायकोचे दागिने विकून झालेले, आपल्यामागे तिचा आणि मुलांचा भार भावावर पडेल, या विचाराने ते तयार झाले, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. पुढे जोहान्सबर्गला मन बदललं. देव सगळ्यांना सांभाळतो, विमा काढून आपण बायकामुलांचं स्वावलंबनच हिरावून घेतलं, असं वाटून त्यांनी हप्ते बंद केले. पॉलिसी बुडाली. दागिने ज्यांचे गेले त्या कस्तुरबांचं यावर काय मत होतं, ते त्या प्रकरणात काही वाचायला मिळत नाही. बापूकुटीपाशी गेले की बाजूच्या बा कुटीकडे बघून मला दर वेळी हा प्रश्न पडतो. महात्म्याच्या घरचं सोडा, आपल्या घरी तरी विम्याची सही करताना बायकोला कोण विचारतं?

हल्ली घराच्या कागदावर बाईचं नाव आवर्जून घालतात. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या नावे खरेदी केली तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, काही बँका व्याजातही थोडी सूट देतात. छानच आहे. पण कर्जाला सहअर्जदार म्हणून सही केली की अख्ख्या कर्जाची जबाबदारी आपलीही असते, अर्ध्याची नाही. नवरा गेला, विमा नाही, तर बँक उरलेलं सगळं बायकोकडे मागते. आणि उरतंही किती! नऊ टक्क्याने २० वर्षांच्या २० लाखांपैकी दहा वर्षं नेमाने हप्ते भरल्यावरही १४ लाखांवर बाकी असते. वहिनींचा तो दहा वर्षांचा विमा नेमका तिथेच संपणार होता.

म्हणून दोघांची कमाई असेल तर दोघांचाही विमा हवा. कर्जासोबतचा विमा कर्जासारखाच कमी कमी होत जातो आणि पैसे आधी बँकेला जातात. साधी टर्म पॉलिसी वेगळी घेतली तर रक्कम कमी होत नाही, कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी ती आपल्याजवळच राहते. वैयक्तिक जीवनविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे.

आणि एक जुना कायदा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा, १८७४ सालचा. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर पॉलिसी काढताना या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे लिहून दिलं, की ते पैसे फक्त त्यांचे. सावकार असो की बँक, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही, मात्र देणं बुडवायच्याच हेतूने ती काढलेली नसावी. धंदा असलेल्या घरात तर हे करावंच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा फॉर्म पॉलिसी घेतानाच भरायचा असतो, मागाहून जोडता येत नाही. आणि अशी पॉलिसी बँकेला असाइन करता येत नाही. कर्ज राहतंच, घरावर बँकेचा हक्क राहतोच, पण पैसा आधी बाईच्या हातात येतो. त्यातून कर्ज फेडायचं की मुलांचं शिक्षण आधी, ते ती ठरवते.

आमच्या वहिनींचं नशीब एवढंच की विम्याचं प्रमाणपत्र हातात येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. पॉलिसी पसंत नसेल तर ३० दिवसांच्या आत परत करता येते. २०२४ पर्यंत बहुतेकांना १५ च दिवस मिळायचे. यजमानांच्या सहीचं पत्र कंपनीला रजिस्टर पोस्टाने, त्याची प्रत बँकेला, पोच जपून ठेवलेली. लोनवाला भाऊ फोनवर रागावला. “वहिनी, तुमचं लोनच कॅन्सल होईल,” म्हणाला. झालं काहीच नाही. किरकोळ रक्कम कापून पैसे कर्जखात्यात जमा झाले. आता दोघांच्या दोन वेगळ्या पॉलिस्या आहेत, यजमानांच्या फॉर्मवर बीपी लिहिलेलं आहे. हप्ता थोडा जास्त बसला.

तुमच्या घरीही कर्ज चालू असेल तर मंजुरीचं पत्र काढून बघा. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष हातात आलेली रक्कम यांत फरक दिसला तर तो कशाचा ते बँकेत जाऊन विचारा. मुदत उलटून गेली असली तरी कर्ज लवकर फेडताना उरलेल्या काळाचे काही पैसे परत मिळतात का, हे लेखी मागा. आधी तक्रार कंपनीकडे. तिथे दाद लागली नाही तर विमा नियामकाचा १५५२५५ हा फुकटचा फोन आहे आणि त्याही पुढे विमा लोकपाल. वर्ध्याच्या तक्रारी पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे जातात. वकील लागत नाही, फी लागत नाही.