विश्लेषण : दार्जिलिंगचा अस्सल चहा ओळखायचा कसा? पाकिटावरील अक्षरे काय सांगतात आणि काय लपवतात?

शंभर ग्रॅमच्या पाकिटावर ‘दार्जिलिंग’ हे नाव, त्याखाली ‘एसएफटीजीएफओपी१’ अशी लांबलचक अक्षरे आणि किंमत रोजच्या चहाच्या कित्येक पट. घरी आणून दूध-साखर घालून उकळला, की पहिल्याच घोटाला प्रश्न पडतो, यात एवढे काय आहे? उत्तर चहात आहे, तसेच तो करण्याच्या आणि चाखण्याच्या पद्धतीतही आहे. या चहाचे उत्पादन घटत आहे आणि त्याच्या नावावर दुसराच चहा विकला जात असल्याची तक्रार बागमालक अनेक वर्षे करत आहेत. त्यामुळे कपातील चव ओळखता येणे हा केवळ शौक राहिलेला नाही. पैसे मोजणाऱ्या ग्राहकाच्या ते हिताचे आहे.

रोजचा चहा आणि हा चहा वेगळा कसा?

दोन्ही एकाच वनस्पतीपासून होतात. फरक पडतो तो कारखान्यात. आपल्या घरातील दाणेदार चहा ‘सीटीसी’ पद्धतीचा असतो. सीटीसी म्हणजे ‘क्रश, टेअर, कर्ल’. दातेरी रुळांमधून पाने चिरडली, फाडली जातात आणि त्यांच्या बारीक गोळ्या होतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसाममध्ये विकसित झाली. असा चहा झटपट उतरतो, गडद रंग देतो आणि दूध, साखर, आले, गवती चहा या सगळ्यांना पुरून उरतो. देशात दरवर्षी तयार होणाऱ्या सुमारे १३० कोटी किलो चहापैकी बहुतांश चहा याच प्रकारचा असतो.

सुट्या पानांचा चहा ‘ऑर्थोडॉक्स’, म्हणजे पारंपरिक पद्धतीने होतो. खुडलेली पाने १४ ते १८ तास हवेवर सुकवून मऊ केली जातात, मग वळली जातात. वळताना पानातील पेशी फुटतात आणि रस हवेच्या संपर्कात येतो. कापलेले सफरचंद जसे तपकिरी पडते, तशीच क्रिया येथे घडते. पानातील कॅटेचिन या घटकांपासून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. पहिल्यामुळे चहाला सोनेरी चमक आणि तरतरी येते, दुसऱ्यामुळे लालसर रंग आणि भरीवपणा. ही क्रिया योग्य क्षणी गरम हवेने थांबवली जाते. पान मोठे राहत असल्याने चव सावकाश उतरते आणि सुगंधाचे बारकावे टिकतात. त्यावर दूध ओतले, की दुधातील प्रथिने चहाच्या तुरट घटकांना धरून ठेवतात आणि हेच बारकावे झाकले जातात. म्हणून हा चहा कोरा प्यायचा.

एकाच बागेच्या चहाच्या चार चवी कशा?

दार्जिलिंगमध्ये चहाच्या हंगामाला ‘फ्लश’ म्हणतात. हिवाळ्याच्या विश्रांतीनंतर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलदरम्यान येणारी कोवळी पालवी म्हणजे ‘फर्स्ट फ्लश’. तिचा चहा फिकट सोनेरी, फुलांच्या वासाचा आणि किंचित हिरवट चवीचा असतो. त्याची पाने पूर्ण काळी नसतात, म्हणून अनेकांना तो कच्चा वाटतो. प्रत्यक्षात ही पाने वळण्यापूर्वीच जास्त सुकवतात. ओलावा कमी झाल्याने पुढची क्रिया अर्धवट राहते आणि हिरवी छटा टिकते. तो दोष नसून ठरवून केलेली गोष्ट असते.

मे-जूनमध्ये ‘सेकंड फ्लश’ येतो. हा चहा तांबूस, भरीव आणि पिकलेल्या फळासारख्या गोडसर वासाचा असतो. पावसाळ्यात पाने भराभर वाढतात, पण चव पातळ होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरदातील चहा तांबड्या रंगाचा आणि मवाळ असतो. त्यामुळे पाकिटावर नुसते ‘दार्जिलिंग’ लिहिले असेल आणि हंगाम लिहिला नसेल, तर निम्मी माहिती गायब आहे असे समजावे.

‘मस्कटेल’ चवीमागे कीड?

होय. सेकंड फ्लशची सर्वात नावाजलेली चव म्हणजे ‘मस्कटेल’. मस्कट जातीच्या द्राक्षांच्या सुगंधावरून हे नाव पडले. या चवीमागे ज्यांचा हात मानला जातो, ते कीटक महाराष्ट्रातील शेतकऱ्याला वेगळ्या कारणाने ओळखीचे आहेत : तुडतुडे आणि फुलकिडे. कापसावर किंवा भातावर ते आले, की फवारणीची तयारी सुरू होते. चहाच्या कोवळ्या पानातील रस त्यांनी शोषला, की झाड बचावासाठी लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखे सुगंधी घटक वाढवते. पान थोडे पिवळसर, आखडलेले दिसते, पण कपात तोच सुगंध उतरतो. तैवानमधील ‘ओरिएंटल ब्युटी’ हा प्रसिद्ध चहाही अशाच तुडतुड्यांच्या कृपेने होतो. अर्थात किडीचे प्रमाण वाढले तर उत्पन्नच बुडते.

‘एसएफटीजीएफओपी१’ म्हणजे नक्की काय?

‘सुपर फाइन टिपी गोल्डन फ्लॉवरी ऑरेंज पेको’. यातील ‘ऑरेंज’चा संत्र्याशी संबंध नाही. डच राजघराण्याच्या नावावरून तो शब्द आल्याचे मानले जाते. ‘पेको’ हा शब्द कोवळ्या कळीवरील पांढऱ्या लवेसाठी असलेल्या चिनी शब्दावरून आला. ‘टिपी’ म्हणजे कळ्यांचे प्रमाण जास्त.

ही अक्षरे पानाचा आकार, अखंडपणा आणि कळ्यांचे प्रमाण सांगतात. चव सांगत नाहीत. चाळण्यांमधून चहा वेगळा होताना वर राहिलेली अखंड पाने एका श्रेणीत जातात, तुटलेली ‘ब्रोकन’ श्रेणीत, त्याहून बारीक ‘फॅनिंग्ज’ आणि शेवटी ‘डस्ट’. पावसाळ्यातील फिक्या चहाची अखंड पानेही मोठ्या नावाच्या श्रेणीत बसू शकतात आणि उत्तम सेकंड फ्लशची तुटकी पाने कपात त्याला सहज मागे टाकू शकतात.

व्यावसायिक चव कशी तपासतात?

चहाचा भाव लिलावात ठरतो आणि लिलावापूर्वी प्रत्येक नमुना चाखला जातो. कोलकात्यात ही पद्धत १८६१ पासून सुरू आहे. चाचणीसाठी चहा कसा करावा, याचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. ‘आयएसओ ३१०३’नुसार १०० मिलिलीटर पाण्याला २ ग्रॅम चहा, नुकतेच उकळलेले पाणी, चिनी मातीचे भांडे आणि बरोबर ६ मिनिटे. याच धर्तीच्या सहा पानी ब्रिटिश मानकाची १९९९ मध्ये ‘इग नोबेल’ या गमतीदार पुरस्काराने थट्टाही झाली. मात्र या मानकाचा हेतू सर्वात चविष्ट चहा करणे हा नाही. सगळे नमुने सारख्याच अटींवर तपासले जावेत आणि दोष लपू नयेत, एवढ्यासाठीच ते आहे.

तपासनीस तीन गोष्टी पाहतो : कोरडी पाने, उतरल्यानंतरची ओली पाने आणि कपातील चहा. मग चमच्याने घोट घेऊन मोठा भुरका मारतो, तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. बशीतून भुरके मारत चहा पिणाऱ्यांना आपल्याकडे हसले जाते, पण शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. भुरक्यासोबत हवा आत जाते आणि सुगंध घशामागून नाकापर्यंत पोहोचतो. चव म्हणून जे जाणवते, त्यातला मोठा भाग वासाचाच असतो.

हे घरी कसे करून पाहावे?

त्यासाठी महागडी भांडी लागत नाहीत. एकसारखे पांढरे कप, झाकायला बश्या, बारीक वजनकाटा आणि मोबाइलमधला टायमर पुरे.

* दोन-तीन चहा शेजारी शेजारी ठेवा. रोजचा सीटीसी, आसामचा ऑर्थोडॉक्स आणि दार्जिलिंग ही सुरुवातीला चांगली जोडी. एकटा चहा चाखून फरक कळत नाही.
* पिण्यासाठी १५० ते २०० मिलिलीटर पाण्याला २ ग्रॅम चहा घ्या. मोठी पाने हलकी असतात, त्यामुळे चमच्याचे माप फसवते.
* पाणी ताजे उकळा. फर्स्ट फ्लशसाठी गॅस बंद करून मिनिटभर थांबा, आसामसाठी उकळतेच ओता. पाने पाण्यासोबत उकळू नका.
* झाकून ३ मिनिटे ठेवा. आसामला ४ ते ५ मिनिटे चालतात. मग पूर्ण गाळून घ्या. पाने पाण्यातच राहिली तर चहा कडू होतो.
* थोडा निवल्यावर प्या. जीभ पोळली की चव संपली.

पाण्यानेही फरक पडतो. बोअरवेलच्या जड पाण्यात चहावर साय धरल्यासारखा थर येतो आणि सुगंध दबतो. त्याच चहाला मऊ, गाळलेले पाणी वापरून पाहिले तर तो दुसराच वाटू शकतो.

चवीला नाव काय द्यायचे?

इंग्रजीतील शब्दांची भीती बाळगण्याचे कारण नाही, बहुतेक शब्द मराठी स्वयंपाकघरात आहेतच. पहिला फरक ओळखायचा तो कडू आणि तुरट यातला. कडूपणा ही जिभेवरची चव. तुरटपणा हा स्पर्श : जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते, तसा. चांगल्या चहात तुरटपणा असतो, पण तो घोटानंतर विरतो आणि तोंडाला पाणी सुटते. तपासनीस ज्याला ‘ब्रिस्क’ म्हणतात, तो हाच तरतरीतपणा. तो नसलेला चहा मचूळ लागतो. वाळवताना उष्णता जास्त झाली तर करपट, धूर लागला तर धुरकट आणि ओल लागली तर कुबट. आसामच्या चहात भाजलेल्या धान्यासारखा, ‘माल्टी’ म्हणतात तो खमंगपणा आणि भरीवपणा मिळतो. दार्जिलिंगचे अंग हलके असते, ताकद सुगंधात असते. कडक आसाम चहा निवल्यावर गढूळ झाला तर तो खराब समजू नये. कॅफीन आणि तुरट घटक एकत्र आल्याने तसे होते.

मग चवीवरून अस्सल दार्जिलिंग ओळखता येते?

पूर्णपणे नाही. चवीवरून शिळा, करपलेला, पावसाळी किंवा भलत्याच भागातला चहा कळू शकतो. पण सीमेपलीकडे नेपाळच्या इलाम भागात उंची, हवामान आणि चहाची झाडे बरीचशी दार्जिलिंगसारखीच आहेत. तेथील चहा वाईट नाही, अनेकदा उत्तम असतो आणि स्वस्तही. आक्षेप आहे तो तोच चहा ‘दार्जिलिंग’ म्हणून विकण्याला.

दार्जिलिंग चहा हे भारतातील पहिले भौगोलिक मानांकन. २००४ मध्ये ते मिळाले आणि २०११ मध्ये युरोपीय संघानेही या नावाला संरक्षण दिले. ठरावीक ८७ बागांमधील चहालाच हे नाव लावता येते. आयात चहा दार्जिलिंग, कांगडा, आसाम ऑर्थोडॉक्स आणि निलगिरी ऑर्थोडॉक्स या मानांकित चहांमध्ये मिसळण्यास चहा मंडळाने २०२१ मध्ये मनाई केली. तरीही सुटे पाकीट ग्राहकाच्या हाती येईपर्यंत त्याने बरेच हात बदललेले असतात.

उत्पादन का घटत आहे?

एकेकाळी दार्जिलिंगमध्ये वर्षाला एक कोटी किलोहून अधिक चहा होत असे. २०२४ मध्ये हे उत्पादन ६० लाख किलोंच्याही खाली आले. २०१७ मध्ये स्वतंत्र गोरखालँडच्या मागणीसाठी १०४ दिवस बंद पाळला गेला. सेकंड फ्लशचा बहुतांश हंगाम बुडाला, बागांत रान माजले आणि परदेशी ग्राहक अन्य चहांकडे वळले. अनेक झाडे शंभरीपार आहेत. हिवाळा-वसंतातील पावसाचे गणित बिघडले की फर्स्ट फ्लश हातचा जातो. त्यात मजुरांची टंचाई. एक किलो चहासाठी साडेचार किलोच्या आसपास ओली पाने, तीही ‘दोन पाने, एक कळी’ अशी हाताने खुडावी लागतात. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमधील चहामजुरांची रोजची मजुरी २५० रुपये ठरली. तरुण डोंगर उतरून कामासाठी शहरांकडे जात आहेत, त्याचे हेही एक कारण.

खरेदी करताना काय पाहावे?

बागेचे नाव, हंगाम आणि वर्ष या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. सोबत दार्जिलिंग चहाचे अधिकृत चिन्ह असावे. श्रेणीच्या अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नयेत. आधी २५-५० ग्रॅमचाच नमुना घ्यावा. फर्स्ट फ्लशचा ताजेपणा लवकर उतरतो, तो वर्षभरात संपवावा. चहा वास पटकन ओढतो, त्यामुळे डबा घट्ट झाकणाचा, उजेडापासून आणि मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवावा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तर विशेष जपावे.

सकाळचा आले घातलेला चहा यासाठी सोडण्याची गरज नाही. तो चहा वेगळा, त्याचे सुख वेगळे. फक्त पुढच्या वेळी कुणी मोठ्या नावाचे पाकीट पुढे केले, तर बाग आणि हंगाम विचारावा, दोन कप शेजारी ठेवावेत आणि भुरका मारून पाहावा. ते नाव जपणाऱ्या ८७ बागांनाही असाच ग्राहक हवा आहे.