ऑस्लोचं पत्र : करमत नाही गं

डिसेंबरात इथं सव्वातीनलाच सूर्य मावळतो. अशाच एका दुपारी दिवे लावून आम्ही तिघी एका मराठी ताईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. माझी मैत्रीण स्थलांतरितांच्या मानसिक आरोग्यावर पीएच.डी. करते. मराठी बायकांशी बोलायचं असलं की ती मला सोबत नेते.

प्रश्नावलीत होतं, ‘उदास वाटतं का?’ बटाटे सोलता सोलता ताई म्हणाल्या, ‘छे, उदास कशानं? घर आहे, पगार आहे.’ आणखी दोन बटाटे सोलून झाल्यावर म्हणाल्या, ‘फक्त करमत नाही गं.’ या उत्तराला प्रश्नावलीत चौकटच नव्हती. मैत्रिणीनं ते समासात लिहून घेतलं. पुढचा दीड तास त्याच एका शब्दावर गेला.

असं दुखणं सांगायची सोय इथं आहे. प्रत्येक रहिवाशाला 2001 पासून ठरलेला डॉक्टर मिळतो. 2022 पासून लागू असलेल्या कायद्यानं लहान मुलांना आईबापांचं दुभाषी करायला सहसा मनाई आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. आईची झोप उडाल्याचं दहा वर्षांच्या लेकीनं डॉक्टरला का सांगावं?

परमुलखाचं दुखणं या देशानं स्वतः सोसलंय. 1825 साली स्ताव्हांगरहून स्थलांतरितांचं पहिलं गलबत अमेरिकेला निघालं; पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं गेली. ओर्नुल्व ओदेगोर या नॉर्वेजियन डॉक्टरनं मिनेसोटातल्या मनोरुग्णालयाच्या नोंदी चाळल्या. तिथल्या नॉर्वेजियनांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशापेक्षा जवळपास दुप्पट असल्याचं त्याच्या 1932 च्या प्रबंधात आहे. मुळात ज्यांचं मन आजाराकडे झुकलेलं असतं तेच देश सोडतात, असा त्याचा कल होता. मला तो पटत नाही. पुढच्या संशोधकांनी तर नव्या मुलखातल्या एकटेपणाकडे आणि तिथं मिळणाऱ्या वागणुकीकडे बोट दाखवलं.

आणि आपल्या न्हावा शेव्यात गाव सोडायची हौस कुणाला होती? बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, माणसं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात आली, त्या घरांना वाळवी लागली. 1989 साली बंदर सुरू झालं. मोजून काही मैलांचं हे स्थलांतर, पण दारातली खाडी गेली ती गेलीच.

न्हावा, शेवा, जसईची जी मुलं मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकताहेत, त्यांनी प्रबंधाला विषय शोधायला लांब जाऊ नये. जुन्या शेव्यात नांदलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात. यंदाच जा, आणि प्रश्नावलीच्या आधी त्यांना एवढंच विचारा: आजी, इथं करमलं का?