चाल कोणाची, नांव कोणाचें?

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत एके काळीं एड रीव्ही नांवाचे एक गृहस्थ राहात असत. नळजोडणी हा त्यांचा धंदा. पोट भरे तें या धंद्यावर. व्हायोलिन ही फावल्या वेळची उपासना. या साध्या कारागिरानें रचिलेल्या चाली आज आयर्लंडांत आणि आयरिश लोक जेथें जेथें जाऊन वसले तेथें तेथें वाजविल्या जातात. मौज अशी कीं, वाजविणारांपैकीं कित्येकांस त्या कोणीं रचिल्या हें ठाऊकहि नसतें. पूर्वापार चालत आलेल्याच त्या आहेत अशी त्यांची समजूत असते. रचनाकाराला याहून मोठा मान तो कोणता, असें एक मन म्हणतें. आणि ज्याची करणी त्याचेंच नांव राहूं नये काय, असें दुसरें मन विचारतें. या दोन मनांचा निवाडा करण्यापूर्वीं मूळ हकीकत वाचकांपुढें ठेवणें बरें.

आयर्लंडांत व्हायोलिनलाच 'फिडल' म्हणतात. वाद्य तेंच; परंतु त्यावर वाजतें तें सभागृहांतील पाश्चात्य संगीत नव्हे, तर मुख्यतः नाचासाठीं निर्माण झालेलें लोकसंगीत होय. रील, जिग, हॉर्नपाइप हे त्याचे ठळक प्रकार. रीलची लय चार-चारांच्या गटांनीं धांवते. जिगची तीन-तीनांच्या गटांनीं डोलत जाते. बहुतेक चालींचे दोन भाग असतात, आणि आपणांस अस्ताई-अंतऱ्याची आठवण व्हावी असाच त्यांचा परस्परसंबंध असतो. प्रत्येक भाग आठ मापांचा व तो दोनदां वाजवावयाचा, म्हणजे बत्तीस मापांत फेरा पुरा झाला. एवढ्याशा जागेंत नवें कांहीं सांगावयाचें, आणि तें अशा रीतीनें सांगावयाचें कीं ऐकणारास तें जुन्याच घराण्यांतलें वाटावें, हीच रचनाकाराची खरी कसोटी. त्यांत ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वें कानानें उचलण्याची. ज्याच्या त्याच्या हातीं चाल थोडी वळते, कोठें एखादी हरकत वाढते, कोठें एखादा सूर गळतो. आणि या हातांतून त्या हातांत जातां जातां मूळ कर्त्याचें नांव कधीं सुटलें हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

आयरिश लोक इतके देशोधडीला कां लागले, हें वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८४५ पासून बटाट्याचें पीक रोगानें बुडूं लागलें व भयंकर दुष्काळ पडला. १८४१ च्या खानेसुमारींत त्या बेटाची लोकसंख्या सुमारें ८२ लाख होती. ती १८५१ मध्यें सुमारें ६५ लाखांवर आली. कांहीं लाख माणसें मेलीं, कांहीं लाख जहाजांत बसून निघून गेलीं. दुष्काळ ओसरला तरी देशांतराचा ओघ पुढें कित्येक दशकें थांबला नाहीं. त्याच ओघांत १९१२ सालीं, ऐन पोरवयांत, रीव्ही अमेरिकेस पोंचले. त्यांचा जन्म कॅव्हन परगण्यांत, कूटहिल या गांवाजवळच्या बार्नाग्रोव्ह येथला. १९२७ सालीं व्हिक्टर कंपनीनें त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रिकाहि काढिली. पण त्यांची खरी कीर्ति झाली ती वादनापेक्षां रचनांमुळें.

या रचनांचीं नांवें पाहण्यासारखीं आहेत. एकीचें नांव 'मॉडबॉन चॅपल'; मॉडबॉन हें त्यांच्या जन्मगांवच्या शेजारचें ठिकाण. दुसरी 'द लेन टु द ग्लेन', म्हणजे दरीकडे जाणारी पाऊलवाट. तिसरी 'द शूमेकर्स डॉटर', म्हणजे चांभाराची लेक. स्लायगोकडील मायकेल कोलमन हे थोर फिडलवादक १९४५ सालीं न्यूयॉर्क येथें वारले. त्यांच्या स्मरणार्थ रीव्हींनीं एक रील रचिली व तिला कोलमन यांचेंच नांव दिलें. आमच्या मतें हीं नांवें म्हणजे परदेशीं राहणाऱ्या माणसानें घराकडे लिहिलेलीं पत्रेंच होत. गांव, वाट, शेजारपाजार, गेलेला गुणी माणूस यांपैकीं कोणी विसरूं नये म्हणून चालींना त्यांचीं नांवें दिलीं. स्वतःचें नांव मात्र त्यांत कोठेंच घातलें नाहीं.

चाली त्यांनीं शेंकड्यांनीं रचिल्या, पण आज हातीं आहेत त्या सव्वाशेच्या आसपास. बाकीच्या कायमच्या गेल्या. ज्या उरल्या त्याहि उरल्या याचें मोठें श्रेय त्यांचे चिरंजीव जोसेफ यांस आहे. मुलानें वडिलांच्या चाली जमविल्या, स्वरलिपींत बसविल्या, प्रत्येकीमागची हकीकत टिपून घेतली, आणि १९७१ सालीं त्यांचा संग्रह छापून काढिला. वडील तेव्हां हयात होते, ही गोष्ट विशेष. १९८८ सालीं रीव्ही वारले.

आतां दुसरे गृहस्थ पहा. पूर्व गॉल्वेंतील किलकॉनेल भागांत पॅडी फाही नांवाचे फिडलवादक होऊन गेले. रीव्ही देश सोडून गेले. फाही आपल्याच मुलखांत राहिले आणि शंभरी ओलांडून २०१९ सालीं वारले. त्यांच्या चाली साठांच्या आसपास आहेत. त्यांची धाटणी धीमी, किंचित्‌ उदास. एकाच चालींत एकाच सुराचें कोमल रूपहि येतें आणि शुद्धहि, आणि त्यामुळें ऐकणाराच्या मनाची हुरहुर संपत नाहीं. या गृहस्थांनीं आपलें पुस्तक छापलें नाहीं, विक्रीसाठीं स्वतःची ध्वनिमुद्रिका काढिली नाहीं, आणि आपल्या एकाहि चालीला नांव दिलें नाहीं. तरीहि लोकांनीं त्या उचलल्या. मार्टिन हेझ यांच्यासारख्या नामांकित वादकांनीं मुद्रित केल्या. आणि २००१ सालीं आयरिश भाषेच्या दूरचित्रवाणीनें उत्कृष्ट रचनाकार म्हणून फाहींचा गौरव केला.

पण बिननांवाची चाल मागावयाची कशी? वादकांनीं सोपी युक्ति काढिली. रील असली तर 'पॅडी फाहीची रील', जिग असली तर 'पॅडी फाहीची जिग'. आतां अशा रीली अनेक व जिगाहि अनेक, तेव्हां त्यांतली नेमकी कोणती हें कळावयास एक-दोन मापें वाजवूनच दाखवावीं लागतात. गोंधळ होतो खरा. पण त्यांतून निष्पन्न काय झालें तें पहा. ज्यानें कोणत्याच चालीला नांव दिलें नाहीं, त्याचें नांव प्रत्येक चालीला चिकटलें; आणि ज्यानें हौसेनें प्रत्येकीचें बारसें केलें, त्याचें नांव त्या चालींपासून सुटत चाललें!

तेव्हां निवाडा काय? आम्हांस असें वाटतें कीं, नांव राहणें न राहणें हें कर्त्याच्या इच्छेवर फारसें अवलंबून नसतें. तें भोंवतालच्या माणसांच्या आठवणीवर असतें. फाहींना शेजारीपाजारी व वादक मंडळी लाभली, रीव्हींना मुलगा लाभला. जेथें कोणीच लाभलें नाहीं, तेथें कर्त्याचें नांव तर गेलेंच, पण चालहि गेली. हानि खरी ती दुसरी. नांवावांचून चाल जगते. चालीवांचून नुसत्या नांवास कोण पुसतो?

आमच्या वाचकांच्या घरांतहि एखादी आजी असेल, एखादी आत्याबाई असेल, जिच्यापाशीं चारचौघींहून निराळ्या चालीचें एखादें गाणें असेल. 'हें तुम्हांला कोणीं शिकविलें?' असें तिला आपण कधीं विचारिलें आहे काय? जोसेफ रीव्हींनीं केलें तें कांहीं अलौकिक नव्हे. वडील जवळ होते तोंवर ते वही घेऊन त्यांच्यापाशीं बसले, इतकेंच.