लाकडाचे आयुष्य : परंपरा, रसायन आणि कायदा

बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात अली बरीद (१५४२–१५८०) याच्या काळातील कोरीव लाकडी खांब आजही पाहावयास मिळतात. परंतु त्याच मुलखातील भालकी, औराद, आळंद या तालुक्यांत जुन्या माळवदांच्या तुळया वाळवीने पोखरून मोडीत निघतात. हा फरक केवळ राजवैभवाचा नव्हे. त्यामागे शास्त्र आहे, तसाच कायदाही आहे.

लाकूड आपणहून कुजत नाही. बुरशी, वाळवी आणि भुंगा हे त्याचे तीन प्रमुख शत्रू होत. लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर बुरशी वाढू शकत नाही. वाळवी मातीतून ओलाव्यासह वर चढते. भुंगा मात्र कोरडे लाकूडही पोखरतो. त्याला गाभ्याभोवतीचे पांढरे, पिष्टयुक्त लाकूड विशेष प्रिय असते. सागाचा पक्का गाभा निवडणे, खांबाखाली दगडी तळखडा बसविणे, पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती घालणे, या जुन्या रीतींचे मर्म यातच आहे. जवसाचे तेल पाणी शिरण्याचा वेग कमी करते. परंतु ते कीटक मारीत नाही.

गाभा नसलेले हलके लाकूड टिकविण्याचा मार्ग सोंती कामेसन यांनी १९३३ साली डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत शोधला. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे त्यांचे मिश्रण पुढे जगभर वापरले गेले. तांबे बुरशीला रोखते, आर्सेनिक कीटकांना मारते आणि क्रोमियम या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी बांधून ठेवते. हे द्रावण ब्रशने लावून भागत नाही. बंद टाकीत दाबाखाली ते खोलवर मुरवावे लागते. कापणे व भोके पाडणे ही कामे शक्यतो त्यापूर्वीच उरकावीत, अन्यथा आतील असंस्कारित भाग उघडा पडतो.

अशा संस्कारांची रीत भारतीय मानक ४०१ मध्ये सांगितली आहे. विषारी कीटकनाशकांवर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे नियंत्रण आहे. वाळवीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आल्ड्रिन व क्लोर्डेन यांवर १९९६ साली बंदी आली. आर्सेनिकयुक्त लाकडाचा बहुतेक घरगुती वापर अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ अखेर थांबविला. असे लाकूड चुलीत घालणे तर सर्वथा वर्ज्य होय. त्याचा धूर व राख या दोहोंत आर्सेनिक असते. म्हणूनच जुन्या लाकडाचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर त्याचे सरपण करू नये.

रंगीन महालाला १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या वाड्यांना ते नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. सीमा बदलली, माळवद तेच राहिले. त्याचा रक्षक घरधनीच होय. गळती वेळीच बुजवावी, तुळईचे भिंतीतील टोक दरवर्षी तपासावे, खांबाच्या बुडाशी माती साचू देऊ नये. लाकूड ओलाव्यापासून दूर ठेवणे हा पहिला उपाय, रसायन हा दुसरा. हा क्रम पाळला, तर वाडवडिलांनी उभारलेले छप्पर नातवंडांच्याही डोक्यावर राहील.