जुन्या जीपचं फाउंडेशन

कुर्डुवाडीत बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून लोखंडकाम चालत आलंय, त्यामुळे लोखंडाला तडा जाणं इथं कुणाला नवलाचं नाही. जुन्या जीपच्या चासीलाही तो जातो, आणि बऱ्याचदा सुरुवात होते रबरापासून.

इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती फाउंडेशनं उष्णतेनं कडक होतात, गळक्या ऑइलनं फुगतात, लोखंडी पट्टीपासून सुटतात. मग क्लच सोडताना गाडी थरथरते. इंजिन खाली बसून पंखा रेडिएटरला घासू लागतो. तरीही गाडी दामटली, की धक्के थेट ब्रॅकेटला बसतात आणि तिथून चासीला केसासारखी चीर जाते.

नुसतं वरून वेल्डिंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडावं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग चीर घासून खाच करावी, वेल्डिंग भरावं, वर तिरप्या कडांची पट्टी जोडावी. वेल्डिंगची रेघ चासीला सरळ आडवी नको, पुन्हा तिथंच तुटतं. वेल्डिंगआधी चासीचे कर्ण मापावेत. फरक आला तर ती वाकलीय, सरळ केल्याशिवाय वेल्डिंग नाही. बॅटरी काढा, पेट्रोलची टाकी उतरवा. आणि रबरं जोडीनंच बदला; एकच बदललं तर इंजिन तिरकं बसतं.